८८ डीबीच्या स्पीकरला कोणता ट्यूब अ‍ॅम्प जुळेल?

मंद्रसप्तक
नमस्कार मंडळी. ट्यूब अ‍ॅम्प (निर्वात नळ्यांचा आवाजवर्धक) घ्यायचा हे नक्की केलं आहे, कोणता ते ठरत नाही. हाताशी आहे ते असं:

स्पीकर: तीन-मार्गी टॉवर. माहितीपत्रकात संवेदनशीलता ८८ डीबी (२.८३ व्होल्ट दिल्यावर १ मीटरवरचा आवाज), नॉमिनल ६ ओहम. आलेखात १३० हर्ट्झच्या आसपास इम्पीडन्स (एसी प्रवाहाला होणारा विरोध) ३.६ ओहमपर्यंत उतरतो. ६५ हर्ट्झला आणि पुन्हा २००० हर्ट्झच्या आसपास तो २० ओहमपर्यंत चढतो.
खोली: ५ × ४ मीटर. बसायची जागा स्पीकरपासून ३ मीटर.
स्रोत: २ व्होल्ट देणारा डॅक (डिजिटलचं अॅनालॉग करणारा) आणि एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजचा टर्नटेबल.
सध्याचा अ‍ॅम्प: ८० वॉटचा ट्रान्झिस्टर इंटिग्रेटेड.

निवड तिघांत आहे, नावं आउटपुट ट्यूबची: ३००बी सिंगल-एंडेड (एकच ट्यूब पूर्ण लहर वाजवते, ८ वॉट), ईएल३४ पुश-पुल (ट्यूबची जोडी उलटसुलट ढकलते-ओढते, ४० वॉट), केटी८८ पुश-पुल (६० वॉट). ऐकणं मुख्यतः गायन आणि तंतुवाद्यं, अधूनमधून मोठा वाद्यवृंद. ३००बीच्या आवाजाबद्दल इतकं चांगलं वाचलं आहे की मन तिकडेच ओढतं. आठ वॉट पुरतील का?

कथील
३००बीचं कौतुक खरं आहे, पण ते योग्य स्पीकरवरचं. ही ट्यूब वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३८ मध्ये आणली. तिच्यापुढे सिनेमागृहातले प्रचंड हॉर्न होते, एका वॉटात खोली भरून टाकणारे. तुमचे स्पीकर त्या जातीचे नाहीत.

आधी एक दुरुस्ती. तुमचे ८८ डीबी २.८३ व्होल्टला आहेत, १ वॉटला नाहीत. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॉट. ६ ओहममध्ये तेच १.३३ वॉट होतात. म्हणजे एका वॉटला तुमचा स्पीकर सुमारे ८६.८ डीबी देतो. ४ ओहमच्या स्पीकरवर ही तफावत पूर्ण ३ डीबीची होते. माहितीपत्रक वाचताना सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

आता हिशेब. ८ वॉट म्हणजे १ वॉटच्या वर ९ डीबी, म्हणून १ मीटरवर ९५.८. मोकळ्या हवेत ३ मीटरवर ९.५ डीबी कमी होतात, दोन स्पीकर मिळून ३ परत येतात, बंद खोलीत भिंतींमुळे आणखी साधारण ३. म्हणजे बसल्या जागी ९२ च्या आसपास, आणि हे शिखर आहे, सरासरी नव्हे. चांगल्या ध्वनिमुद्रणात शिखरं सरासरीच्या १५ डीबी वर सहज जातात, वाद्यवृंदात २०. सरासरी उरली ७२ ते ७७. मध्यम आवाजात गायन ऐकायला हे चालेल. वाद्यवृंद एकदम उसळला की अ‍ॅम्प बसेल.

तबकडी_३३
८६.८ चा मुद्दा फार उपयोगी. वाचनखूण साठवली.

निर्वात
कथील यांचा हिशेब बरोबर आहे, पण वॉटांपेक्षा मोठी अडचण त्या ३.६ ओहमच्या खड्ड्याची आहे.

फीडबॅक (आउटपुटचा अंश परत इनपुटला देणं) नसलेल्या ३००बी अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स बराच असतो. ट्यूबचा प्लेट रेझिस्टन्स (प्लेट म्हणजे प्रवाह गोळा करणारं टोक) सुमारे ७०० ओहम. ३५०० ते ८ ओहमचा ट्रान्सफॉर्मर असेल तर इम्पीडन्सचं गुणोत्तर ४३७, म्हणजे ८ ओहमच्या टॅपवर (ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकर-जोडणीवर) १.६ ओहम दिसतात. त्यात वळणांच्या तारेचा रेझिस्टन्स मिळवा, २ ते २.५ पर्यंत जातं.

आता २.५ ओहम स्पीकरच्या मालिकेत आहेत असं समजा. जिथे स्पीकर ३.६ ओहमचा आहे तिथे ४.६ डीबी गळतात, जिथे २० ओहमचा आहे तिथे फक्त १. एकाच स्पीकरच्या दोन स्वरपट्ट्यांत ३.६ डीबीचा फरक पडला! १३० हर्ट्झजवळचा भरीवपणा कमी होणार आणि २००० जवळ आवाज पुढे येणार. तानपुऱ्याचा खर्ज मागे पडून जवारी तेवढी समोर येईल. काहींना ते पहिल्या दिवशी ‘स्पष्ट’ वाटतं आणि महिन्याभरात कान थकतो.

साधारण फीडबॅक असलेल्या पुश-पुलचा आउटपुट इम्पीडन्स ०.६ ओहम धरला तर हाच फरक १.१ डीबीवर येतो.

जवारी
@निर्वात, आकडे मान्य, निष्कर्ष थोडा एकांगी वाटतो. हा फरक स्पीकरच्या इम्पीडन्सच्या चढउतारावर अवलंबून आहे, अ‍ॅम्प वाईट असल्यावर नव्हे. इम्पीडन्स सपाट असलेला ९६ डीबीचा स्पीकर त्याच ३००बीवर लावा, फरक अर्धा डीबीही पडणार नाही. आणि सिंगल-एंडेडमध्ये एकच ट्यूब संपूर्ण लहर सांभाळते. पुश-पुलमध्ये सम क्रमांकाची हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले स्वर) एकमेकांना खातात आणि विषम उरतात. कमी आवाजात आवाजाचा पोत वेगळा लागतो तो बराचसा यामुळे. म्हणून धागाकर्त्याला ३००बी हवाच असेल तर आधी स्पीकर बदलावा लागेल, हे स्पष्ट सांगू या.

निर्वात
@जवारी, सहमत. अ‍ॅम्पला दोष नाही, जोडीला आहे.

कथील
सिंगल-एंडेडची एक गोष्ट राहिली. त्यात ट्यूबचा डीसी प्रवाह सतत आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून एकाच दिशेने वाहतो, म्हणून गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते. फट ठेवली की इंडक्टन्स घटतो. तो भरून काढायला लोखंड आणि तांबं दोन्ही वाढवावं लागतं. पुश-पुलमध्ये दोन्ही बाजूंचे प्रवाह एकमेकांना रद्द करतात, त्यामुळे तेवढ्याच लोखंडात खालचे स्वर जास्त मोकळे मिळतात. ३००बीचा हलका अ‍ॅम्प दिसला तर खर्जाची अपेक्षा ठेवू नका. ट्यूबच्या नावावर जाऊ नका, ट्रान्सफॉर्मर उचलून बघा.

सात_पिन
मंद्रसप्तक, अंदाज पुरे झाले, मोजून टाका. सध्याच्या अ‍ॅम्पवर अर्ध्या तासात कळेल की तुम्हाला खरोखर किती व्होल्ट लागतात.

१. २२० हर्ट्झची शुद्ध साइन लहर असलेली चाचणी फाइल घ्या, पातळी पूर्ण स्केलच्या १२ डीबी खाली. इतका खालचा स्वर अशासाठी की साधे मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या वर एसी नीट दाखवत नाहीत.
२. बास, ट्रेबल, लाउडनेस सगळं बंद.
३. नेहमीच्या जागी बसून नेहमीचं संगीत लावा आणि तुम्ही कधीही ऐकाल त्यातल्या सर्वांत मोठ्या आवाजाला नॉब आणा. नॉब तिथेच ठेवा.
४. आता चाचणी फाइल लावा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. स्वर कर्कश वाटेल, ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प बंद करून स्पीकरची तार काढून मोजलं तरी चालेल.
५. आलेल्या आकड्याला ४ ने गुणा. १२ डीबी म्हणजे व्होल्टेजची चौपट. तेवढे व्होल्ट नव्या अ‍ॅम्पने न चिरता द्यायला हवेत.
६. वॉट हवे असतील तर व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम.

ज्या ध्वनिमुद्रणाची पातळी कमी आहे, म्हणजे बहुतेक वाद्यवृंद, त्यावर वेगळं मोजा. नॉब जास्त फिरवावा लागतो, म्हणून आकडा मोठा येतो. तोच खरा.

कथील
सात_पिन यांची चाचणी उत्तम. पण पायरी ४ मधली स्पीकर काढायची मुभा फक्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला आहे. ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर न जोडता चालवून त्यात सिग्नल सोडला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर व्होल्टेज अनेकपट उसळतं, इन्शुलेशन फुटतं किंवा सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणगी पडते. ट्रान्सफॉर्मर गेला की अ‍ॅम्पचा सर्वांत महाग भाग गेला. स्पीकर बदलायचा तर आधी अ‍ॅम्प बंद, मग तारा.

सात_पिन
बरोबर, लिहायला हवं होतं. धन्यवाद.

हिरवा_डोळा
केटी८८ बद्दल कोणी बोललं नाही. ६० वॉट विरुद्ध ४० वॉट म्हणजे १.८ डीबी. कानाला जेमतेम कळेल एवढा फरक. त्यापायी जास्त उष्णता आणि जास्त जड ट्रान्सफॉर्मर. स्पीकर ८४-८५ चे असते तर केटी८८ म्हटलं असतं.

उष्णता हलक्यात घेऊ नका. ईएल३४ चा हीटर (ट्यूब आतून तापवणारी तार) ६.३ व्होल्टला १.५ अँपिअर घेतो. चार ट्यूब म्हणजे नुसते हीटरच ३८ वॉट. बायसवर (सिग्नल नसतानाही वाहणाऱ्या ठरीव प्रवाहावर) प्लेटमध्ये आणखी ६५ ते ७०. एक स्वर वाजायच्या आधी शंभर वॉटची शेगडी पेटलेली असते. बंद कपाटात ठेवू नका, वर निदान २० सेंटिमीटर मोकळं हवं आणि टर्नटेबलचं झाकण त्यावर येऊ नये.

तिसरी_जाळी
ईएल३४ घ्यायचा असेल तर जोडणी विचारा: पेंटोड (पाच इलेक्ट्रोडची), ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडसारखी) की दोन्हींच्या मधली अल्ट्रालिनिअर. १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये विल्यमसनचा आराखडा आला तो ट्रायोड जोडणीचा, सुमारे २० डीबी फीडबॅकचा, १५ वॉटचा. १९५१ मध्ये हाफलर आणि केरोज यांनी स्क्रीन ग्रिड (ट्यूबमधली दुसरी जाळी) ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपला जोडायची पद्धत लोकप्रिय केली, तीच अल्ट्रालिनिअर. ब्लमलाइनचं पेटंट त्याआधीचं, १९३७ चं. ईएल३४ ला टॅप सहसा ४३ टक्क्यांवर असतो. शक्ती पेंटोडच्या जवळपास राहते आणि आउटपुट इम्पीडन्स ट्रायोडच्या दिशेने खाली येतो. तुमच्या ३.६ ओहमला हेच हवं.

काही अ‍ॅम्पवर ट्रायोडचा खटका असतो. शक्ती जवळजवळ निम्मी होते, पण रात्री हळू आवाजात ऐकायला छान. खटका चालू अ‍ॅम्पवर फिरवू नका.

आणि ‘ईएल३४ चा अ‍ॅम्प घेऊ, नंतर केटी८८ घालू’ किंवा उलट, असं कोणी सुचवलं तर थांबा. ईएल३४ मध्ये पिन १ ही तिसरी ग्रिड आहे, ती सॉकेटवर पिन ८ ला म्हणजे कॅथोडला जोडलेली लागते. केटी८८ ला त्या जोडणीची गरज नसते. केटी८८ साठीच बांधलेल्या अ‍ॅम्पमध्ये ही तार नसेल आणि त्यात ईएल३४ घातली, तर तिसरी ग्रिड अधांतरी राहते. शिवाय बायस, हीटरचा प्रवाह, प्लेटचा भार सगळंच वेगळं.

तबकडी_३३
तिसरी_जाळी हे नाव का घेतलंत ते आज कळलं!

अवांतर: छोट्या ट्यूबचंही असंच आहे का? ईसीसी८३ च्या जागी ईसीसी८८ चालेल असं वाचलं होतं.

तिसरी_जाळी
अजिबात नाही. ईसीसी८३ चा हीटर १२.६ व्होल्टचा, मध्ये पिन ९ वर टॅप. ईसीसी८८ चा हीटर ६.३ व्होल्टचा, पिन ४ आणि ५ वर, आणि पिन ९ आतल्या पडद्याची. पिन ४ व ५ एकत्र जोडून ६.३ वर चालणाऱ्या सॉकेटमध्ये ती तापणारच नाही, १२.६ च्या सॉकेटमध्ये जळेल. ईसीसी८१, ८२, ८३ यांच्या पिना सारख्या आहेत, पण अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर साधारण ६०, १७ आणि १००. एकाच्या जागी दुसरी बसते म्हणून ती सर्किटला मानवते असं नाही. फीडबॅकच्या अ‍ॅम्पमध्ये ८३ काढून ८२ घातली तर गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) घटतो, फीडबॅक घटतो आणि आउटपुट इम्पीडन्स वाढतो. मग ‘ट्यूब बदलली आणि खर्ज मऊ झाला’ असं वाटतं. कारण ट्यूबच्या नावात नसतं, या गणितात असतं.

जवारी
याच्याशी पूर्ण सहमत. एकाच प्रकारच्या दोन चांगल्या ट्यूबमधला फरक असतो, पण स्पीकर आणि टॅप नीट जुळल्यावरच तो ऐकायची पाळी येते.

खरखर
फोनोचं (टर्नटेबलच्या इनपुटचं) कुणी बोललं नाही म्हणून. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये फोनो असेल तर एमएमसाठी ४७ किलोओहम आणि निदान ४० डीबी गेन हवा. ५ मिलिव्होल्टच्या कार्ट्रिजचे त्यातून ५०० मिलिव्होल्ट होतात, म्हणून अ‍ॅम्पची पूर्ण शक्तीची संवेदनशीलता त्याच्या आसपास असली तर बरं.

ट्यूब फोनोत कपॅसिटन्स लपून बसतो. ईसीसी८३ ची ग्रिड ते प्लेट कपॅसिटन्स १.६ पिकोफॅरड, पण पायरीचा गेन ६० धरला तर मिलर परिणामाने (गेनच्या पटीत कपॅसिटन्स वाढून) ती शंभर पिकोफॅरडच्या घरात दिसते. त्यात टोनआर्मची तार आणि केबल. कार्ट्रिजला एकूण १५० हवे असताना ३०० झाले की वरच्या स्वरांत फुगवटा येतो आणि तबकडी खरखरीत वाटते. दोष ट्यूबवर जातो, इलाज छोट्या केबलचा असतो.

हिरवा_डोळा
केबलवरून आठवलं: कोणी ट्यूब प्रीअ‍ॅम्प आणि ट्रान्झिस्टर पॉवर अ‍ॅम्प अशी जोडी करणार असेल तर आउटपुटचा कपॅसिटर बघा. ०.४७ मायक्रोफॅरडवर १०० किलोओहमचा इनपुट असेल तर कपात ३.४ हर्ट्झला सुरू होते. तोच कपॅसिटर १० किलोओहमच्या इनपुटला जोडला तर ३४ हर्ट्झला. खर्ज गेला कुठे, हे शोधत लोक महिनोन्‌महिने स्पीकर सरकवत बसतात.

मंद्रसप्तक
सगळ्यांचे मनापासून आभार. सात_पिन यांच्या पद्धतीने मोजलं.

गायन, सर्वांत मोठा आवाज: २.१ व्होल्ट. चौपट ८.४.
वाद्यवृंद: २.९ व्होल्ट. चौपट ११.६.

६ ओहमला धरलं तर ११.८ वॉट आणि २२.४ वॉट. बरोबर ना?

सात_पिन
बरोबर. ८ वॉट म्हणजे ६ ओहममध्ये ६.९ व्होल्ट. तुमच्या गायनालाच ते १.७ डीबी कमी पडतात, वाद्यवृंदाला ४.५. ३००बीचा प्रश्न इथे मिटला. ४० वॉट म्हणजे १५.५ व्होल्ट, २.५ डीबी हाताशी राहतात.

निर्वात
@सात_पिन, इथे एक गफलत आहे. १५.५ व्होल्ट हे ६ ओहमचा टॅप असल्यासारखं झालं. अ‍ॅम्पला टॅप ४ आणि ८ चे असतात.

४ ओहमच्या टॅपवर ४० वॉट म्हणजे १२.६५ व्होल्ट. त्यावर ६ ओहमचा स्पीकर लावला तर भार हलका होऊन व्होल्टेज किंचित वर जाईल, पण फार नाही. ११.६ ला जेमतेम पाऊण डीबीची मोकळीक धरा. ८ ओहमच्या टॅपवर व्होल्टेज जास्त मिळेल, पण तिथे प्रवाहाची ओढाताण. ६६०० ओहम प्लेट-टू-प्लेटचा ट्रान्सफॉर्मर धरा. ८ च्या टॅपवर ६ ओहमचा स्पीकर ट्यूबना ४९५० दिसतो आणि ३.६ च्या खड्ड्यात २९७०. इतक्या कमी भारावर ईएल३४ ची विकृती वाढते आणि शक्ती घटते. ४ च्या टॅपवर हेच आकडे ९९०० आणि ५९४०, म्हणजे सगळीकडे सुखाचे. शिवाय खालच्या टॅपवर आउटपुट इम्पीडन्सही निम्म्यावर येतो.

सात_पिन
मान्य, माझी चूक. १५.५ खोडून वाचा.

कथील
म्हणजे ४ ओहमच्या टॅपवर चालणारा ४० वॉटचा ईएल३४. वाद्यवृंदाच्या सर्वोच्च शिखराला तो काठावर आहे. पण ट्यूब अ‍ॅम्प काठावर पोचताना एकदम चिरत नाही, हळूहळू गोलावतो, आणि अशी शिखरं क्षणभराचीच. मला ४० पुरे वाटतात.

हिरवा_डोळा
मग मी माझं मत बदलतो. पाऊण डीबीच हाताशी असेल तर केटी८८ चे १.८ डीबी क्षुल्लक राहत नाहीत. वाद्यवृंद वरचेवर ऐकणार असाल तर केटी८८, अधूनमधून असेल तर ईएल३४.

मंद्रसप्तक
महिन्यातून एकदोनदाच. ईएल३४ अल्ट्रालिनिअर, ४ ओहमचा टॅप, हे ठरवतो. ऐकायला जाताना काय तपासू? अ‍ॅम्प वापरलेलाही असू शकतो.

खरखर
आवाजाआधी शांतता ऐका. इनपुट शॉर्ट करून नॉब शून्यावर, कान स्पीकरजवळ. मेन्सच्या वारंवारतेची (५० किंवा ६०) गुणगुण असेल तर हीटर, ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र किंवा ग्राउंड लूप (दोन जागी अर्थ जोडल्याने झालेलं वर्तुळ). दुप्पट वारंवारतेची (१०० किंवा १२०) असेल तर बहुधा फिल्टर कॅपॅसिटर दमले आहेत. स्रोत जोडल्यावरच गुणगुण येत असेल तर ग्राउंड लूप. त्यासाठी मेन्सची अर्थिंग तोडायचा सल्ला मिळेल, तो कधीही मानू नका. ज्या पेटीत ४५० व्होल्ट आहेत तिची अर्थिंग हा तुमच्या जिवाचा आधार आहे.

१ मिलिव्होल्ट गुणगुण ८ ओहमवर म्हणजे १ वॉटच्या ६९ डीबी खाली. तुमच्या स्पीकरवर ती खोलीच्या शांततेत बुडेल. १०० डीबीच्या हॉर्नवर मात्र स्पष्ट कळेल.

कथील
वापरलेल्या अ‍ॅम्पसाठी माझी भर.

ट्यूबच्या काचेच्या आतल्या पृष्ठभागावर निळसर प्रकाश दिसला तर घाबरू नका, ते नेहमीचं आहे. इलेक्ट्रोडच्या मधोमध जांभळट-गुलाबी धूर असल्यासारखं दिसलं तर आत वायू आहे, ट्यूब गेली. वरचा चंदेरी गेटर (उरलासुरला वायू शोषणारा थर) पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली. प्लेटवर लाल डाग चढू लागला तर तत्काळ बंद.

लाल प्लेटचं कारण दर वेळी ट्यूबच असते असं नाही. जुन्या अ‍ॅम्पमध्ये कपलिंग कॅपॅसिटर गळका झाला की आधीच्या पायरीचं डीसी ग्रिडवर उतरतं, बायस उडतो आणि नवी ट्यूब घातली तरी तीही लाल होते. जाणकाराकडून ट्यूब काढून ग्रिडच्या पिनेवर डीसी मोजून घ्या. कॅथोड बायस असेल तर शून्य हवं, फिक्स्ड बायस असेल तर ठरलेलं ऋण व्होल्टेज.

मेन्सचा टॅपही बघा. २२० साठी गुंडाळलेला अ‍ॅम्प २४० वर चालवला तर हीटर ६.३ ऐवजी ६.९ वर जातो. ट्यूबचं आयुष्य त्यातच संपतं. आणि रेक्टिफायर ट्यूब असेल तर तिच्या पुढचा पहिला कॅपॅसिटर कुणी ‘सुधारणा’ म्हणून वाढवला आहे का ते विचारा. जीझेड३४ ला ६० मायक्रोफॅरडची मर्यादा आहे.

तबकडी_३३
मेन्सचा टॅप कोण बघतं! फार महत्त्वाचं.

मंद्रसप्तक
शेवटचा प्रश्न. अ‍ॅम्प घरी आला आणि बायस हातानेच लावायचा असेल तर क्रम काय?

तिसरी_जाळी
‘फिक्स्ड’ नावावर जाऊ नका, तोच बायस अधूनमधून लावावा लागतो.

आधी स्पीकर ४ ओहमच्या टॅपला. इनपुट शॉर्ट, नॉब शून्य. अ‍ॅम्प बंद असताना ट्यूब बसवा, ऑक्टल खुंटीची खाच नीट जुळवून, तळ धरून, काच पिळू नका. बायसचे सगळे पॉट (फिरवायचे स्क्रू) सर्वांत कमी प्रवाहाच्या बाजूला.

चालू केल्यावर पहिली दोन मिनिटं चारही प्लेटवर नजर. मग मोजणी. तुमच्या अ‍ॅम्पची पुस्तिका सांगेल तो आकडा खरा, उदाहरणापुरतं: कॅथोडला १० ओहम आहेत आणि ०.४० व्होल्ट दिसतात, म्हणजे ४० मिलिअँपिअर. प्लेटवर ४३० व्होल्ट असतील तर १७.२ वॉट. ईएल३४ ची मर्यादा २५, म्हणजे ६९ टक्के. या ४० मध्ये स्क्रीनचा प्रवाहही आहे, म्हणून प्लेटवर प्रत्यक्षात त्याहून थोडं कमी. ७० टक्क्यांच्या वर नेऊ नका.

आधी चारही ट्यूब निम्म्या आकड्याला आणा, दहा मिनिटं थांबा, मग पूर्ण आकड्याला. एकीचा प्रवाह वाढवला की सगळ्यांचं प्लेट व्होल्टेज थोडं खाली येतं, त्यामुळे दुसरी फेरी लागतेच. अर्ध्या तासाने पुन्हा बघा. जोडीतल्या दोन ट्यूब दोन-तीन मिलिअँपिअरच्या आत असाव्यात, नाहीतर पुश-पुलचा ट्रान्सफॉर्मर एका बाजूला झुकतो आणि खर्ज पातळ होतो.

मोजायच्या जागा बाहेर नसतील, तळ उघडावा लागणार असेल, तर ते काम जाणकाराचं. मेन्सची पिन काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट तसेच राहतात.

सात_पिन
आणि नवा अ‍ॅम्प लागला की तीच २२० ची फाइल पुन्हा लावा, या वेळी स्पीकर जोडलेला ठेवून. वाद्यवृंदाला नॉब लावल्यावर २.९ च्याच आसपास आकडा आला पाहिजे. कमी आला आणि तरी आवाज चिरल्यासारखा वाटला, तर टॅपच्या तारा उलटसुलट लागल्या आहेत का ते आधी बघा.

मंद्रसप्तक
दोन्ही लिहून ठेवलं. अ‍ॅम्प आला की ४ आणि ८, दोन्ही टॅपवरचे आकडे इथेच देतो.